बहुमत होते, सीमा हलली नाही
फर्मॅना-टायरोन मतदारसंघाची अठ्ठावीस वर्षे

'होमरूल' हा शब्द आमच्या भागाला नवा नाही. १९१६ च्या एप्रिल महिन्यात बेळगावला प्रांतिक परिषद भरली, त्या वेळी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. हा शब्द आणि त्यामागची कल्पना आयर्लंडहून आलेली होती. योगायोग असा की, त्याच महिन्यात डब्लिन शहरात इंग्रजी सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव झाला आणि आयर्लंडमध्ये होमरूलचे पर्व मागे पडून प्रजासत्ताकाच्या मागणीचे पर्व सुरू झाले. त्या लढ्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु लढा संपून आयर्लंडची फाळणी झाली, तेव्हा सीमेवरच्या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला काय आले, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगितलेले नाही. फर्मॅना आणि टायरोन ही त्या दोन जिल्ह्यांची नावे. १९२२ ते १९५० या काळात या दोहोंचा मिळून ब्रिटिश पार्लमेंटसाठी एक मतदारसंघ होता. आज तो अस्तित्वात नाही. पण त्याचा निवडणुकांचा इतिहास सीमाभागातील वाचकांनी समजून घेण्याजोगा आहे.

वादाचे मूळ

आयर्लंडमध्ये एकूण ३२ जिल्हे, त्यांना तेथे काउंटी म्हणतात. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात सतराव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधून प्रॉटेस्टंट शेतकरी आणून वसविण्यात आले. पुढे त्यांच्या वंशजांना ब्रिटनशी जोडून राहणेच सुरक्षित वाटू लागले. ते युनियनिस्ट. मूळच्या कॅथलिक समाजाला डब्लिनचे राज्य हवे होते. ते राष्ट्रवादी. अल्स्टरच्या काही काउंट्यांत युनियनिस्टांचे स्पष्ट बहुमत होते. फर्मॅना व टायरोनमध्ये मात्र तसे नव्हते. १९११ च्या शिरगणतीत टायरोनमध्ये सुमारे ५५ टक्के आणि फर्मॅनामध्ये सुमारे ५६ टक्के लोक कॅथलिक होते.

हे बहुमत स्पष्ट होते, पण निम्म्याहून थोडेसेच वर. उरलेले ४४-४५ टक्के लोकही तीनशे वर्षे त्याच मातीत नांदत होते. म्हणूनच १९१४ च्या जुलैमध्ये राजाने बकिंगहॅम राजवाड्यात सर्व पक्षांची परिषद बोलावली, ती प्रामुख्याने याच दोन काउंट्यांवर अडली आणि चार दिवसांत मोडली. लगेच महायुद्ध सुरू झाले. युद्धात साम्राज्ये कोसळली, युरोपचा नकाशा बदलला. पण १९२२ मध्ये चर्चिल यांना पार्लमेंटमध्ये सांगावे लागले की, महापूर ओसरल्यावर फर्मॅना आणि टायरोनच्या चर्चचे कळस पुन्हा वर येताना दिसतात आणि त्यांचे भांडण होते तसेच आहे. ते वैतागून बोलले होते, पण बोलले ते खरे होते.

१९२० च्या कायद्याने सहा काउंट्यांचा 'उत्तर आयर्लंड' हा वेगळा घटक तयार झाला. फर्मॅना-टायरोनला त्यात घालण्यात आले. लोकांना विचारण्यात आले नाही. १९२१ च्या मे महिन्यात बेलफास्टच्या नव्या विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा या दोन काउंट्यांना मिळून आठ जागा होत्या. मते राष्ट्रवादी व शिन फेन यांना मिळून अधिक पडली, जागा मात्र चार-चार अशा वाटल्या गेल्या. निवडून आलेल्यांत शिन फेनचे संस्थापक आर्थर ग्रिफिथ होते. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनला जो तह झाला, त्यावर आयर्लंडच्या बाजूने सही करणाऱ्यांत हेच ग्रिफिथ होते.

बाराव्या कलमाची आशा

त्या तहात बारावे कलम होते. उत्तर आयर्लंडने नव्या आयरिश राज्यात येण्याचे नाकारले, तर तीन सदस्यांचा सीमा आयोग नेमायचा आणि रहिवाशांच्या इच्छेनुसार, परंतु आर्थिक व भौगोलिक परिस्थितीशी सुसंगत असेल तितपत, सीमा ठरवायची, असा त्याचा आशय. फर्मॅना-टायरोनमधील राष्ट्रवाद्यांनी या कलमावर सारी भिस्त ठेवली. आपले बहुमत मतपेटीतून दाखवून दिले की आयोगाला आपल्या बाजूने निर्णय द्यावाच लागेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

१९२२ च्या नोव्हेंबरात पार्लमेंटची निवडणूक आली. नव्या मतदारसंघाला दोन जागा होत्या आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. अशा पद्धतीत ज्या बाजूचे मतदार अधिक, ती बाजू एकजुटीने राहिली तर दोन्ही जागा घेऊन जाते. दुसऱ्या बाजूला काहीच उरत नाही. राष्ट्रवाद्यांनी थॉमस हार्बिसन आणि काहिर हीली यांना उभे केले. दोघेही काही हजारांच्या मताधिक्याने निवडून आले. हीली हे विम्याचे काम करणारे, वृत्तपत्रांत लिहिणारे, कविता करणारे गृहस्थ. त्या वर्षी मे महिन्यातच बेलफास्ट सरकारने त्यांना चौकशीविना स्थानबद्ध करून अर्जेंटा नावाच्या तुरुंग-जहाजावर ठेवले होते. लोकांनी त्यांना निवडून दिले ते या स्थितीत. डिसेंबर १९२३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा हेच दोघे जिंकले आणि तेव्हाही हीली स्थानबद्धच होते. १९२४ च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली.

एकीकडे मतपेटी असे सांगत होती, दुसरीकडे तिची धार बोथट करण्याचे काम चालू होते. टायरोन व फर्मॅनाच्या काउंटी कौन्सिलांत (आपल्याकडची जिल्हा परिषद म्हणावी) १९२० साली राष्ट्रवाद्यांना बहुमत मिळाले होते. १९२१ च्या अखेरीस दोन्ही कौन्सिलांनी डब्लिनशी निष्ठा जाहीर केली. बेलफास्ट सरकारने त्या बरखास्त केल्या. १९२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतील पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत रद्द झाली आणि पुढच्या वर्षी न्यायाधीश लीच यांच्या आयोगाकडून प्रभागांच्या हद्दी नव्याने आखण्यात आल्या. सीमा आयोग लवकरच हे सारे निकालात काढील, मग येथे कशाला जायचे, अशा विचाराने राष्ट्रवाद्यांनी लीच आयोगावर बहिष्कार टाकला. परिणाम असा झाला की, हद्दी एकाच बाजूच्या सोयीने ठरल्या आणि १९२४ पासून दोन्ही कौन्सिलांतील बहुमत गेले. लोकसंख्या तीच, गावे तीच, फक्त प्रभागांच्या रेषा बदलल्या होत्या.

ऐन वेळी फूट

१९२४ च्या ऑक्टोबरात तिसरी निवडणूक आली. ही वेळ सर्वांत महत्त्वाची होती. बेलफास्ट सरकार आपला सदस्य नेमायला तयार नव्हते, म्हणून रेंगाळलेला सीमा आयोग आता खास कायदा करून उभा राहत होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची पहिली बैठक व्हायची होती. नेमक्या याच वेळी, तहाला विरोध असलेल्या शिन फेनने उत्तरेत सर्वत्र उमेदवार उभे करण्याचा निर्णय घेतला. निवडून आल्यावर पार्लमेंटमध्ये बसायचे नाही, हे त्यांचे धोरण. मते फुटतील म्हणून हार्बिसन व हीली यांनी माघार घेतली. पण राष्ट्रवादी मतदार शिन फेनच्या मागे गेला नाही. तो बहुसंख्येने घरीच बसला. चार्ल्स फॉल्स आणि जेम्स प्रिंगल हे दोन युनियनिस्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले.

म्हणजे सीमा आयोग काम करीत होता त्या सबंध काळात, ज्या मतदारसंघाच्या इच्छेवर राष्ट्रवाद्यांची सारी केस उभी होती, त्याचे दोन्ही खासदार सीमा हलू नये असे म्हणणारे होते. या निकालामुळेच आयोगाचा निर्णय फिरला असे आम्ही म्हणणार नाही. निर्णयामागे दुसरी कारणे होती. पण न्यायासनासमोर जाताना आपल्या हातातला सर्वांत ठळक पुरावा आपणच खाली ठेवावा, तसे हे झाले.

आयोगाचे अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेतील न्यायमूर्ती रिचर्ड फीदम. डब्लिनचे प्रतिनिधी ओवेन मॅकनील आणि तिसरे जे. आर. फिशर. १९२५ मध्ये एनिस्किलन, ओमा वगैरे गावी बसून आयोगाने साक्षी घेतल्या. मुख्य अडचण कलमाच्या शब्दांतच होती. 'रहिवाशांची इच्छा' पाहायची, पण कोणत्या घटकातील रहिवाशांची? सबंध काउंटीची, तालुक्याची की गावाची? हे कुठेच लिहिलेले नव्हते. सार्वमताची तरतूदही नव्हती. घटक कोणता, या एका प्रश्नात सारे कसे अडकून पडते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. फीदम यांनी अर्थ लावला तो असा : उत्तर आयर्लंड हा घटक मुळात कायम राहिला पाहिजे, सीमेवर फक्त किरकोळ दुरुस्त्या करता येतील. इच्छा आणि आर्थिक सोय यांचा मेळ बसत नसेल तेथे सोय वरचढ.

७ नोव्हेंबर १९२५ रोजी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'ने आयोगाचा नकाशा फोडला. फर्मॅनाचा काही भाग दक्षिणेला, टायरोन जवळजवळ तसाच, उलट दक्षिणेकडील डोनेगालचा काही भाग उत्तरेला, असा तो होता. डब्लिनमध्ये खळबळ उडाली. मॅकनील यांनी राजीनामा दिला. ३ डिसेंबर रोजी तिन्ही सरकारांनी करार केला : आहे तीच सीमा कायम, अहवाल दडपायचा आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जातील वाटा देण्याच्या बंधनातून आयरिश राज्य मोकळे. तो अहवाल प्रसिद्ध व्हायला १९६९ साल उजाडावे लागले. ज्यांच्यासाठी बारावे कलम होते, त्या फर्मॅना-टायरोनच्या लोकांचा प्रतिनिधी या करारावर सही करणाऱ्यांत नव्हता.

पुढची पंचवीस वर्षे

सीमा प्रश्न कागदावर संपला, मतदारसंघात संपला नाही. १९२९ मध्ये राष्ट्रवाद्यांचे बेलफास्टचे नेते जोसेफ डेव्हलिन आणि हार्बिसन बिनविरोध निवडून आले. हार्बिसन यांच्या निधनानंतर १९३१ च्या पोटनिवडणुकीत हीली परत आले. १९३४ मध्ये डेव्हलिन वारले, त्यांच्या जागी जोसेफ स्टुअर्ट आले. १९३५ मध्ये पुन्हा फुटीची चिन्हे दिसू लागली, तेव्हा १९२४ ची आठवण ताजी होती. हीली व स्टुअर्ट बाजूला झाले आणि दोन्ही गटांना चालतील असे पॅट्रिक कनिंगहॅम व अँथनी मल्व्ही हे उमेदवार ठरले. अट एकच, पार्लमेंटमध्ये बसायचे नाही. दोघेही निवडून आले.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. निवडून येऊन बसायचेच नसेल, तर निवडून येण्याचा उपयोग काय? आणि बसून तरी काय उपयोग होता? १९२३ पासून पार्लमेंटच्या सभापतींचा दंडक असा की, जे विषय बेलफास्टकडे सोपविलेले आहेत ते लंडनमध्ये काढायचे नाहीत. मतदारसंघांच्या रेषा, घरे, नोकऱ्या, पोलीस, सारे बेलफास्टचे विषय. १९४५ मध्ये इंग्लंडात मजूर पक्षाचे सरकार आल्यावर मोठ्या आशेने मल्व्ही व कनिंगहॅम यांनी आपल्या जागा घेतल्या. चार वर्षांनी त्याच सरकारने १९४९ चा कायदा केला. उत्तर आयर्लंडचा कोणताही भाग बेलफास्टच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून बाहेर जाणार नाही, अशी हमी त्यात होती. घटक सहा काउंट्यांचा, हे आता कायद्यात पक्के झाले. त्या हिशेबात फर्मॅना-टायरोनचे बहुमत अल्पमत ठरत होते.

१९५० मध्ये हा मतदारसंघच रद्द झाला. त्याचे फर्मॅना-दक्षिण टायरोन आणि मिड-अल्स्टर असे एकेका जागेचे दोन मतदारसंघ झाले. पहिल्यात हीली आणि दुसऱ्यात मल्व्ही निवडून आले. नाव गेले, रेषा बदलल्या, मतदार तोच राहिला. १९५५ मध्ये दोन्ही ठिकाणी तुरुंगात शिक्षा भोगणारे शिन फेनचे उमेदवार जिंकले, अपात्र ठरले आणि अखेर जागा युनियनिस्टांकडे गेल्या. ९ एप्रिल १९८१ रोजी फर्मॅना-दक्षिण टायरोनमध्ये तुरुंगात उपोषण करणारे बॉबी सँड्स ३०,४९३ विरुद्ध २९,०४६ मतांनी निवडून आले आणि ५ मे रोजी मरण पावले. त्याच वर्षी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना उमेदवारीची बंदी करणारा कायदा झाला. २०१० मध्ये त्याच जागेचा निकाल केवळ चार मतांनी लागला.

यातून काय घ्यावे

या मतदारसंघातील निवडणुका प्रतिनिधी निवडण्यासाठी नव्हत्याच. त्या दर खेपेस घेतलेली शिरगणती होती. मतदार सीमेच्या प्रश्नावर मत देत आणि लंडनमध्ये मात्र त्याची नोंद एका खासदाराची निवड म्हणून होई. याची किंमत दोन्ही समाजांनी भरली. युनियनिस्ट शेतकऱ्यालाही आपल्या दुधाचा भाव वा गावचा रस्ता यांसाठी उमेदवार पारखून घेण्याची सोय उरली नाही. शेजारी शेजाऱ्याला मोजू लागला की गावाचे बाकीचे प्रश्न मागे पडतात.

तरी या मतांना काही मोल नव्हते असे आम्हांस वाटत नाही. १९२४ चा अपवाद वगळला तर या दोन काउंट्यांनी अठ्ठावीस वर्षांतल्या प्रत्येक निवडणुकीत एकच साक्ष दिली. ती दप्तरी राहिली म्हणूनच आजही, अहवाल दडपणाऱ्यांचे म्हणणे खरे की लोकांचे, हे पडताळून पाहता येते. मात्र ज्या दोन वेळा लोकांनी स्वतःहून जागा मोकळी सोडली, एकदा लीच आयोगासमोर आणि एकदा ऑक्टोबर १९२४ मध्ये, त्या दोन्ही वेळा त्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच बोलून घेतले. बहुमत असणे ही एक गोष्ट आणि ते योग्य दिवशी, योग्य जागी, एकमुखाने हजर करणे ही दुसरी. पहिली फर्मॅना-टायरोनच्या लोकांजवळ नेहमीच होती.