गळ आणि निरोप : ऑनलाइन खेळाडूंना फसविणाऱ्या ‘फिशिंग’ची भाषा

‘फिशिंग’ हा शब्द इंग्रजीत रूढ होऊन आता सुमारे तीन दशके लोटली आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांकडून परवलीचे शब्द काढून घेण्याचे जे उद्योग चालत, त्यांना उद्देशून तो वापरला जाऊ लागला. मासे धरणे या अर्थाच्या शब्दातील आद्याक्षर बदलून तेथे ‘पी’ आणि ‘एच्’ ही अक्षरे बसविण्यात, दूरध्वनियंत्रणेशी खेळ करणाऱ्या पूर्वीच्या मंडळींच्या ‘फ्रीकिंग’ या शब्दाची छाया आहे. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. तथापि कल्पना मराठीस परकी नव्हे. ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच. शिवाय ‘गळ घालणे’ म्हणजे काकुळतीने आग्रह धरणे. या दोन गळांच्या व्युत्पत्तीच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. परंतु ज्या निरोपांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्यांत हे दोन्ही गळ एकत्र आलेले आढळतात, एवढे नमूद करावेसे वाटते.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे. गेल्या वर्षी आमच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे ‘स्टीम’वरील खाते असेच गेले. सात वर्षे खेळून जमविलेल्या वस्तू तासाभरात नाहीशा झाल्या. परंतु त्याला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट : रातोरात त्याच्याच नावाने त्याच्या मित्रांना तसेच निरोप गेले आणि त्याचा शाळकरी मावसभाऊ दादाचे नाव पाहून निःशंकपणे फसला. पुढे त्याने स्वतःस आलेले आणि मित्रांकडून मिळविलेले काही निरोप अभ्यासासाठी आणून दिले. ते वाचताना असे दिसून आले की, येथे कुलूप फोडले गेलेले नाही. मालकाकडून किल्ली मागून घेतलेली आहे. आणि मागण्याचे साधन केवळ भाषा हे आहे.

प्रथम या खात्यांत चोरण्यासारखे काय असते, हे सांगितले पाहिजे. व्हॅल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ साली स्टीम ही सेवा सुरू केली. विकत घेतलेले खेळ तर खात्यात असतातच. परंतु २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या खेळात शस्त्रांवरील रंगीत आवरणे, म्हणजे ‘स्किन्स’, आली आणि त्यांची देवाणघेवाण सुरू झाली. त्यांतील दुर्मिळ आवरणांना हजारो डॉलरांचे मोल येते. वस्तूला बाजार मिळाला की चोरही मिळतो. २०१५ च्या डिसेंबरात खुद्द व्हॅल्व्हने असे जाहीर केले की, दर महिन्यास सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जात होती. दुहेरी पडताळणी आणि देवाणघेवाणीतील सक्तीचा विलंब हे उपाय त्या सुमारास कडक करण्यात आले. त्यामुळे चोराला परवलीचा शब्द पुरेनासा झाला. खेळाडूचे प्रत्यक्ष सहकार्य त्याला आवश्यक झाले. येथूनच निरोपाच्या भाषेला महत्त्व आले.

आमच्या विद्यार्थ्यास आलेला निरोप जगभर आढळणाऱ्या एका ठरावीक साच्याचा होता. आरंभी ‘आहेस का?’ एवढेच विचारलेले. मॅलिनोव्स्कीने १९२३ साली ज्याला ‘फॅटिक’ संबंध म्हटले, तो हा प्रकार. यात माहिती काहीच नाही. केवळ बोलण्याची वाट उघडी आहे की नाही, एवढे चाचपणे आहे. उत्तर आले की क्षमायाचना येते : ‘माझ्याकडून मोठी चूक झाली. दुसऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार करताना तुझ्या खात्याविरुद्ध केली गेली. आता ते बंद होणार.’ ही पायरी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सर्वसाधारण ठक काहीतरी देऊ करतो; हा क्षमा मागतो. क्षमा मागणाऱ्यावर संशय घेणे आपल्या शिष्टाचारात बसत नाही. उलट, ‘असू दे, आता काय करायचे ते सांग’ असेच आपण म्हणतो, आणि पुढची वाट आपणच विचारून घेतो. मग मित्र ‘डिस्कॉर्ड’वरील एका तथाकथित अधिकाऱ्याचे नाव देतो. तो अधिकारी कार्यालयीन थाटाची इंग्रजी लिहितो, तक्रारीचा क्रमांक देतो, अर्ध्या तासाची मुदत घालतो आणि पडताळणीसाठी म्हणून खात्याचा ईमेल पत्ता बदलावयास, किंवा भ्रमणध्वनीवर आलेला अंक कळवावयास सांगतो.

ऑस्टिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा आधार येथे घेता येतो. ‘तुझे खाते बंद करण्यात येत आहे’ हे वाक्य वर्णन करीत नाही. ते कृती करते. अशी वाक्योक्ती सफल व्हावयाची तर बोलणाऱ्याला तसा अधिकार हवा आणि ती योग्य ठिकाणी उच्चारली गेली पाहिजे. न्यायाधीशाने रस्त्यावर उच्चारलेली शिक्षा ही शिक्षा नव्हे. व्हॅल्व्हचे साहाय्य विभागातील कर्मचारी स्टीमच्या गप्पांत किंवा डिस्कॉर्डवर खेळाडूंशी संपर्क साधीत नाहीत. ते काम कंपनीच्या साहाय्य-पृष्ठावरूनच होते. अर्थात निरोपाचा मजकूर खरा की खोटा, हे तपासण्याची गरजच उरत नाही. हे वाक्य ज्या ठिकाणी उच्चारले गेले, त्या ठिकाणी ते निष्फळच आहे.

निरोपातील अशुद्ध भाषेवरून ठक ओळखावा, असे पूर्वी सांगत. ही कसोटी आता टिकत नाही. एक तर यंत्रांनी लिहिलेली इंग्रजी आज निर्दोष असते. दुसरे असे की, मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मक हर्ले यांनी २०१२ साली दाखवून दिले त्याप्रमाणे, मजकुराचा उघड भोंगळपणा ठकाच्या सोयीचाही असू शकतो : शंकेखोर वाचक प्रारंभीच गळून पडतात आणि भोळे तेवढे उरतात. मराठी निरोपांत ‘आपले खाते’ आणि ‘तुझा पासवर्ड’ एकाच वाक्यात नांदताना दिसतात हे खरे. परंतु खऱ्या कंपन्यांच्या मराठी सूचनाही कित्येकदा तितक्याच विजोड असतात, हे मान्य केले पाहिजे.

माझ्या मते अधिक भरवशाची खूण व्याकरणात नसून भाषेच्या निवडीत आहे. आमच्या विद्यार्थ्याचा तो मित्र त्याला नेहमी रोमन लिपीत मराठी लिही. ‘अरे’, ‘भावा’, ‘ये ना ऑनलाइन’ अशी त्याची रीत. त्या रात्रीचा निरोप मात्र इंग्रजीत होता आणि त्यात ‘ब्रो’ हे संबोधन होते. दोन माणसांच्या नात्यात भाषा, संबोधन, विरामचिन्हे, किंबहुना हसण्याचे लेखनही ठरून गेलेले असते. खाते चोरता येते; हा संकेत सहसा चोरीस जात नाही. विद्यार्थ्याला त्या क्षणी काहीसे खटकले होते, परंतु घाबरलेला मित्र इंग्रजीत लिहीत असेल, असे स्पष्टीकरण त्याने स्वतःच पुरविले. एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. बळकावलेल्या खात्यातील जुना पत्रव्यवहार वाचून ही शैलीही उचलता येते. म्हणून भाषा खटकली तर थांबावे हे योग्य. ती खटकली नाही म्हणून निर्धास्त व्हावे, हे योग्य नव्हे.

आता दुव्याकडे वळू. ‘माझ्या संघाला मत दे’, ‘हे आवरण फुकट मिळते आहे’ अशा निमित्ताने दिलेला पत्ता कसा वाचावा, हे संस्कृत व्याकरण शिकलेल्यास समजावणे सोपे आहे. संकेतस्थळाचे नाव हा एक तत्पुरुष समास आहे. त्यात उत्तरपद प्रधान असते. राजपुत्र हा राजा नव्हे, पुत्र होय. आणि राजपुत्रसेवक हा या दोघांपैकी कोणीच नव्हे. त्याचप्रमाणे आरंभीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढची पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून वाचावा. अखेरचे ‘डॉट कॉम’सारखे पद आणि त्याच्या लगतचे पद मिळून मालक ठरतो. ‘डॉट को डॉट इन’सारखा शेवट असेल तर आणखी एक पद मागे जावे लागते. ‘स्टीमकम्युनिटी डॉट कॉम’ हे खरे स्थळ; परंतु त्याच्यापुढे आणखी बिंदू देऊन भलतीच पदे जोडली की मालकी त्या भलत्या पदांकडे जाते. जोडरेघ मात्र बिंदूचे काम करीत नाही. ‘स्टीम’ या शब्दाला जोडरेघ देऊन ‘ट्रेड’ जोडल्याने स्टीमची मालकी सिद्ध होत नाही.

शिवाय अक्षरे फसवितात. रोमन ‘आर्’ आणि ‘एन्’ लगत आली की ‘एम्’चा भास होतो, ‘स्टीम’ या शब्दाच्या बाबतीत ही युक्ती सरसकट वापरली जाते. सिरिलिक लिपीतील काही अक्षरे तर रोमन अक्षरांहून डोळ्यांना वेगळी दिसतच नाहीत. देवनागरीच्या वाचकाला यात नवल वाटू नये. ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जाऊ नये म्हणून त्याचे दोन अवयव खाली जोडण्याची सुधारणा आपल्याकडे करावी लागलीच होती.

तथापि पत्ता वाचण्याचे कौशल्य ज्या एका प्रकारापुढे हतबल होते, तोही सांगितला पाहिजे. २०२२ च्या मार्चमध्ये ‘ब्राउझरमधील ब्राउझर’ या तंत्राचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ग्रूप-आयबी या संस्थेने ते स्टीमच्या खेळाडूंविरुद्ध वापरले जात असल्याचे दाखविले. खोट्या स्पर्धेच्या पृष्ठावर ‘स्टीमद्वारे प्रवेश करा’ ही कळ दाबली की लहान खिडकी उघडल्यासारखी दिसते. तिच्यावर बरोबर पत्ता असतो, कुलपाचे चिन्ह असते. वस्तुतः ती खिडकी नसून खिडकीचे चित्र आहे, पत्ताही चित्रातलाच. संगणकावर तिची परीक्षा सोपी आहे : ती धरून मूळ खिडकीच्या कडेबाहेर ओढावी. खरी खिडकी बाहेर येते, चित्र कडेशी अडते. आणखी एक खूण अशी की, त्याच ब्राउझरमध्ये आपण स्टीममध्ये आधीच प्रवेश केलेला असेल, तर खरे पृष्ठ आपले नाव दाखवून केवळ संमती मागते. तेथे परवलीचा शब्द पुन्हा मागितला गेल्यास थांबावे. दुहेरी पडताळणीचा अंक मागाहून द्यावा लागतो म्हणून निश्चिंत राहणेही चुकीचे. खोट्या पृष्ठावर लिहिलेला अंक त्याच क्षणी खऱ्या पृष्ठावर भरला जातो.

भारतातील बहुसंख्य खेळाडू भ्रमणध्वनीवर खेळतात, आणि तेथे खिडकी ओढून पाहण्याची सोय नाही. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याच्या जागी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ आला, तोही जुलै २०२२ मध्ये बंद होऊन मे २०२३ मध्ये परतला. अशा मधल्या काळात खेळाडू आडवाटेने प्रती मिळवू पाहतात, आणि गळ टाकणाऱ्यास यापेक्षा गढूळ पाणी कोणते मिळणार? ‘मोफत यूसी’ देणारी पृष्ठे फेसबुकाचा परवलीचा शब्द मागतात. वास्तविक अधिकृत स्थळावर बक्षिसाचा संकेतांक वटविण्यास खेळाडूचा क्रमांक पुरतो. परवलीच्या शब्दाचा तेथे संबंध नाही.

खाते गेलेच, तर दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून प्रथम ईमेलचा आणि मग खात्याचा परवलीचा शब्द बदलावा, सर्व उपकरणांवरील प्रवेश रद्द करावा, आणि स्टीमच्या बाबतीत ‘एपीआय की’चे पृष्ठ अवश्य पाहावे. आपण न काढलेली किल्ली तेथे आढळली तर ती रद्द करावी. तिच्या साहाय्याने चोर आपल्या खऱ्या देवाणघेवाणी रद्द करून त्यांच्या जागी हुबेहूब खोट्या उभ्या करीत आलेले आहेत. परवलीचा शब्द बदलूनही चोरी चालू राहिल्याच्या कित्येक कहाण्यांचे मूळ येथे होते. गेलेल्या वस्तू परत न देण्याचे व्हॅल्व्हचे धोरण आहे. मात्र जुलै २०२५ पासून ‘काउंटर-स्ट्राइक २’मधील देवाणघेवाण सात दिवसांच्या आत उलटविता येते, तेव्हा वेळ दवडू नये. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मित्रांनाही त्याच तासात कळवावे, आणि तेही दूरध्वनीने. कारण निरोप लिहिण्याचे आपले साधन त्या वेळी दुसऱ्याच्या हाती असते. आमच्या विद्यार्थ्याने शरमेपोटी हे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबविले. मावसभावाचे खाते त्या सकाळी गेले.