‘नेसेसरी’ म्हणजे नेमकं किती गरजेचं?

‘नेसेसरी’ म्हणजे ‘आवश्यक’, हे शाळेत पाठ होतं आणि सोबत एक समजही पक्का होतो: ज्यावाचून काम अडतंच, तेच नेसेसरी. शब्दाच्या मुळाशी गेलं तर हा समज बरोबर वाटतो. त्याचं लॅटिन मूळ बहुधा ‘मागे न हटणारं’ असं सांगतं, आणि आपला ‘आवश्यक’ही ‘अवश्य’वरून, म्हणजे जे वश होत नाही त्यावरून आलेला. दोन भाषांनी असा नकारातूनच शब्द घडवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण शब्द चालतो तो वापरावर. अमेरिकेच्या राज्यघटनेनं काँग्रेसला आपले अधिकार राबवायला ‘नेसेसरी अँड प्रॉपर’ कायदे करण्याची मुभा दिली आहे. याच आधारावर काँग्रेसनं काढलेल्या राष्ट्रीय बँकेवाचून सरकारचं काही अडत नाही, मग ती नेसेसरी कशी, असा मेरिलँड राज्याचा युक्तिवाद होता. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो फेटाळला. बोलण्यात हा शब्द ‘सोयीचं’, ‘उपयोगी’ एवढ्याच अर्थानंही येतो, असं ते म्हणाले. शिवाय जिथे कडक अर्थ हवा होता, तिथे घटनेनंच ‘अ‍ॅब्सोल्यूटली नेसेसरी’ असं लिहिलं होतं! या एका विशेषणाच्या वजनावर केंद्र सरकारच्या अधिकारांचा पैस ठरला.

आपल्याकडे उलट घडलं. १९६१ च्या आयकर विधेयकात धंद्याच्या खर्चाची वजावट मिळण्यासाठी तो ‘नेसेसरिली’ केलेला असावा, अशी अट होती. लोकांनी विरोध केला आणि तो शब्द गळला. मुंबईच्या सासून डेव्हिड कंपनीच्या खटल्यात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा इतिहास मुद्दाम नोंदवला. खर्च धंद्यासाठीच झाला असेल, तर तो टाळता आला असता का, हे विचारायचं कारण नाही.

दुसरा गैरसमज नकाराचा. रक्ततपासणीआधी ‘फास्टिंग इज नॉट नेसेसरी’ सांगितलं, तर ती उपाशी राहायला मनाई नव्हे. नुसती सक्ती नाही. मनाईला ‘मस्ट नॉट’ लागतं.

आणि नेसेसरी म्हणजे पुरेसं, असंही नाही. आग पेटायला हवेतला ऑक्सिजन लागतो, पण तो खोलीभर असूनही काडी ओढल्याशिवाय काही पेटत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘नॉट नेसेसरिली’चा. ‘महाग औषध चांगलं असतं का?’ याला हे उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये. मराठीत ते ‘असेलच असं नाही’.