शाळेचा लॅपटॉप घरी आला

आता पुष्कळ ठिकाणी मुलांना शाळेकडून लॅपटॉप मिळतो. तामिळनाडू सरकारने २०११ साली शाळेतल्या मोठ्या मुलांना ते फुकट वाटायला सुरुवात केली. लॅपटॉप म्हणजे मांडीवर मावेल एवढा संगणक. तो वहीसारखा उघडतो. मुले त्यावर धडे वाचतात, गणिते सोडवतात. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण वहीत आणि लॅपटॉपमध्ये एक फरक आहे. वहीतली अक्षरे वहीतच राहतात. लॅपटॉप मात्र इंटरनेटला जोडला की साऱ्या जगाशी जोडला जातो. इंटरनेट ही एक मोठी जत्राच समजा. जत्रेत खेळणी असतात, मिठाई असते, कीर्तनही असते. गर्दीत एखादा खिसेकापूही असतो. म्हणून आपण जत्रा सोडतो का? नाही. लेकराचे बोट धरून जातो.

कोणी म्हणेल, "आम्हाला इंग्रजी येत नाही. आम्ही काय लक्ष ठेवणार?" अहो, बोट धरायला इंग्रजी कशाला लागते?

पहिली गोष्ट जागेची. लॅपटॉप चार माणसांत वापरू द्यावा. ओटीवर चालेल, स्वयंपाकघरात चालेल. दार लावून नको. रात्री तो मोठ्यांजवळ ठेवावा.

दुसरी गोष्ट पासवर्डची. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. ती आईबापांना ठाऊक असावी. जिवलग मित्रालाही देऊ नये.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. पडद्याच्या वर एक बारीक भिंग असते. तो लॅपटॉपचा डोळा. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराजवळ लोअर मेरियन नावाचा भाग आहे. तिथल्या शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेला तर सापडावा, म्हणून त्यांत दुरून फोटो घेण्याची सोय होती. पालकांना ती सांगितलीच नव्हती. मुले घरात असतानाही फोटो निघाले. २०१० साली प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा ५०,००० हून जास्त चित्रे निघाल्याचे उघड झाले. शेवटी शाळांना ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड करावी लागली. म्हणून मास्तरांना सरळ विचारावे, "यातून तुम्हाला काय काय दिसते?" विचारण्यात लाज कसली? आणि काम नसेल तेव्हा त्या डोळ्यावर कागदाची चिकटपट्टी लावावी.

चौथी गोष्ट अनोळखी माणसांची. पडद्यावर नाव मुलीचे असते, फोटोही मुलीचा असतो. लिहिणारा मात्र भलताच कोणी बाप्या असू शकतो. तो आधी गोड बोलतो. मग फोटो मागतो. फोटो मिळाला की धमकी देतो, "आणखी पाठव, पैसे दे, नाहीतर गावभर करीन." पोर घाबरते. जेवत नाही, बोलत नाही, एकटे बसते. काही मुलांनी अशा भीतीने जीवही दिला आहे.

त्या लबाडाचे बळ कशात आहे, ठाऊक आहे? मुलाला घरच्यांची भीती वाटते, यात. आई मारील, बाप शाळा सोडायला लावील, म्हणून पोर गप्प राहते. ते जितके गप्प राहील, तितका तो चढून बसतो. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवावे, "काहीही झाले तरी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही. तुझी शाळा बंद करणार नाही." आणि सांगितले ते पाळावे. एकदा मारले, की दुसऱ्यांदा पोर सांगत नाही.

असे काही घडलेच तर पैसे देऊ नयेत. आलेले निरोप पुसू नयेत. तोच पुरावा असतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे. तो फुकट लागतो, रात्रीही लागतो. संगणकावरच्या फसवणुकीसाठी १९३० हा फोन आहे. पोलीस ठाण्यातही जावे. १८ वर्षांखालील मुलांना अशा छळापासून वाचवण्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात मुलाचे नाव छापायला बंदी आहे. तेव्हा अब्रू जाईल म्हणून घरात बसू नये. गुन्हा त्या माणसाचा आहे, लेकराचा नाही.

आज संध्याकाळी काम आटोपले की मुलाजवळ बसा. त्याला म्हणा, "यावर तू काय काय करतोस, मला दाखव बरं." तो आनंदाने दाखवील. दोन गोष्टी आपणही शिकू. आणि ज्याला दाखवायची सवय लागली, तो पुढे सांगायलाही भिणार नाही.