एका अक्षरापायी अडते शिक्षणाचे कर्ज

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांच्या पाट्या, मराठी शाळा, कन्नड परिपत्रके आणि मोर्चे डोळ्यांपुढे येतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून हे सारे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण याच प्रश्नाचे एक रूप असे आहे की त्यासाठी ना मोर्चा निघतो, ना ठराव होतो. ते दिसते बँकेच्या काउंटरवर. मुलाला इंजिनिअरिंगला वा नर्सिंगला प्रवेश मिळून फी भरण्याची मुदत जवळ आली की! "तुमचे नाव जुळत नाही," एवढे तीन-चार शब्द ऐकून बाप कागदांची पिशवी घेऊन गावी परततो.

खानापूर तालुक्यातील एखादा ज्ञानेश्वर डोळ्यांपुढे आणा. मराठी माणूस त्याचे नाव इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू करतो. कन्नड लिपीतून तेच नाव इंग्रजीत उतरवणारा कारकून 'जे-एन' लिहितो. दोघेही आपापल्या भाषेच्या उच्चाराप्रमाणे बरोबरच! सविताच्या शेवटी आपण नुसता 'टी' लिहितो, दक्षिणेकडील पद्धतीने 'टी-एच' होतो. लक्ष्मीच्या नावात कोणी 'एक्स' घालतो, तर कोणी 'के-एस-एच'. शिवाय आपली पद्धत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी; तिकडे आद्याक्षरांवरही भागते. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, पॅन कार्डावर तिसरे आणि संगणकावरील कन्नड उताऱ्यात चौथे. तलाठी, मास्तर आणि सारा गाव जाणतो की माणूस एकच. संगणक माणूस ओळखत नाही, तो अक्षरे ताडून पाहतो.

हा कोणा एका भाषेचा दोष नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. जत आणि अक्कलकोटकडील कन्नड भाषकांची नावे मराठी दप्तरातून इंग्रजीत जातात, तेव्हा तीच गत त्यांचीही होते. दोन लिप्यांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या साऱ्यांचेच हे दुखणे आहे.

आता यात पणाला काय लागते ते पाहू. बँकांच्या सर्वसाधारण योजनेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असावे लागतात. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणासाठी व्याज अनुदान आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावरील बापाचे नाव आणि आधारवरील नाव एक नसेल, तर या सवलती कागदावरच राहण्याची भीती असते.

दुसरी गोची पतअहवालाची, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो त्याची. देशात असे अहवाल ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हायमार्क. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, फोन यांवरून कोणते कर्ज कोणाचे हे त्या जुळवतात. निम्मे गाव पाटील आणि आजोबांचेच नाव नातवाला! जुन्या कर्जाच्या नोंदीत पॅन नसेल, तर एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी बसायला वेळ लागत नाही. कधी फेडलेले पीककर्ज वा आईने बचत गटातून घेतलेले कर्ज बाकीच दिसत राहते. चूक दप्तराची आणि शिक्षा पोराला!

यावर उपाय आहे, पण तो प्रवेशानंतर धावपळीत नव्हे, आधी करायचा आहे. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. मुलगा बारावीत असतानाच आई-वडिलांनी आपापले अहवाल काढून पाहावेत. चूक आढळली तर बँकेकडे व त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ मधील आदेशानुसार तक्रारीचे निवारण ३० दिवसांत झाले पाहिजे. न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही.

नावाच्या बाबतीत दहावीची गुणपत्रिका हा पाया धरावा. परीक्षेचा अर्ज भरताना मुख्याध्यापकांसमोर बसून इंग्रजी स्पेलिंग अक्षर अन् अक्षर तपासावे आणि मग बाकीचे कागद त्याला जुळवून घ्यावेत. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने दुरुस्ती करू नये. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे ॲफिडेव्हिट करून ठेवलेले बरे. पण त्यावर काम भागेल की नाही, हे बँकेला आधीच विचारावे.

राहिला प्रश्न भाषेचा. कन्नड वा इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून कित्येकजण तक्रारच करीत नाहीत. त्यांना आमचे सांगणे असे की, राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तहसीलदाराकडचा दाखला चुकला असेल तर मराठीत अर्ज करा, पोच मागा.

आणि आपल्या युवक मंडळांना, शिक्षकांना विनंती अशी की, गणपतीची वर्गणी जशी घरोघर फिरून गोळा करता, तशी वर्षातून एक संध्याकाळ नववी-दहावीच्या मुलांचे कागद तपासायला द्या. सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. तो लागेल तेव्हा लागेल. पोरांच्या फीची मुदत मात्र थांबत नाही.