जिराईत ताट आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग हा रुग्णसंख्येच्या दृष्टीने जगातील तिसऱ्या क्रमांकाचा कर्करोग असून २०२२ मध्ये त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात, विशेषतः ग्रामीण भागात, त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे. इंदापूरच्या पूर्वेस भीमा ओलांडल्यावर सोलापूर जिल्हा लागतो. तेथील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या नोंदींतही हा रोग अल्प प्रमाणातच आढळतो. बार्शीचा ज्वारीचा पट्टा आणि बारामती-इंदापूरचा जिराईत भाग यांच्या आहारात मोठे साम्य आहे. त्यामुळे या भागाला जणू उपजतच संरक्षण लाभले आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

तंतूंचे कार्य

आहार व हा रोग यांचा संबंध डेनिस बर्किट या शल्यविशारदाने १९७१ मध्ये ठळकपणे मांडला. आफ्रिकेच्या ग्रामीण भागात हा कर्करोग विरळ का, या प्रश्नाचे उत्तर त्याने तेथील कोंडायुक्त आहारात शोधले. तंतुमय पदार्थांमुळे मळाचे आकारमान वाढते, तो आतड्यातून लवकर पुढे सरकतो आणि घातक द्रव्यांचा आतड्याच्या अस्तराशी होणारा संपर्क कमी होतो. पुढील संशोधनाने यात महत्त्वाची भर घातली. मोठ्या आतड्यातील जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरिक आम्ल तयार करतात. हे आम्ल अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असून ते दाह कमी करते. आहारातील तंतू दररोज १० ग्रॅमने वाढल्यास धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळतो, असा निष्कर्ष २०११ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघाला.

येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आतड्यातील पॉलिप काढलेल्या व्यक्तींना सुमारे चार वर्षे तंतुयुक्त व कमी स्निग्धांशाचा आहार देऊनही पॉलिप पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले नाही. पॉलिपपासून कर्करोग होण्यास साधारणतः दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. म्हणजे आहाराचा परिणाम दीर्घ सवयीचा आहे. पन्नाशीत सुरू केलेल्या पथ्याकडून चमत्काराची अपेक्षा करणे गैर ठरेल. दुसरीकडे, २०१५ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी व ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींनी केवळ दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला, तेव्हा तंतुयुक्त आहारावर आलेल्या अमेरिकी गटात ब्युटिरिक आम्ल वाढून दाहाची चिन्हे घटली, तर दुसऱ्या गटात नेमके उलट घडले. संरक्षण वंशात नसून ताटात असते, हे यावरून सूचित होते.

ताटातील बदल

बारामती तालुक्याचे जिराईत व बागायत हे दोन चेहरे सर्वपरिचित आहेत. सुपे-मोरगाव परिसरात बाजरी व ज्वारी. तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याखाली माळेगावपासून इंदापूर तालुक्यातील भवानीनगरपर्यंत ऊस व साखर कारखाने. पाण्याने समृद्धी आणली, त्याबरोबर ताटही बदलले. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११ ग्रॅमहून अधिक, तर सडलेल्या तांदळात व मैद्यात ३ ग्रॅमहून कमी तंतू असतात. भाकरीची जागा भाताने आणि न्याहारीची जागा चहाबरोबरच्या खारी-टोस्टने घेतली, की दिवसाकाठी १०-१५ ग्रॅमची तूट सहज पडते. गव्हाला मात्र दोष देता येत नाही. न चाळलेल्या कणकेत ज्वारीइतकेच, किंबहुना किंचित अधिक तंतू असतात. दोष चाळणीचा आहे: चाळून काढलेला कोंडा म्हशीच्या आंबोणात जातो आणि घरातील माणसे त्याला मुकतात.

ही तूट भरून काढण्यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. १०० ग्रॅम अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५ ग्रॅम तंतू आहेत; उसळ डाळीपेक्षा सरस ठरते ती सालीमुळे. इंदापूरचा पेरू सालीसह खावा. त्याचा रस काढल्यास बहुतेक तंतू चोथ्यात जातात. दुग्धव्यवसाय हे या भागाचे बलस्थान असून दूध व कॅल्शियम यांचाही संरक्षक परिणाम संभवतो. मांसाहाराबाबत बोलायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगजनक, तर बकऱ्याच्या मटणासह लाल मांस संभाव्य कर्करोगजनक ठरवले. अधूनमधून होणाऱ्या मटणापेक्षा मद्यपान व वाढते वजन यांची चिंता येथे अधिक करावी लागेल. या दोहोंचे पुरावे भक्कम आहेत. शेतीतील अंगमेहनत यंत्रांमुळे घटली, ही बाबही विचारात घ्यावी लागते, कारण जुन्या पिढीचे संरक्षण केवळ भाकरीचे नव्हते.

आहार कितीही योग्य असला, तरी धोका शून्य होत नाही. शौचावाटे रक्त पडणे हे मूळव्याधच आहे असे गृहीत धरून महिनोन्महिने घरगुती उपाय केले जातात आणि निदान लांबते. शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, रक्तक्षय वा अकारण वजन घटणे यांपैकी काही आढळल्यास दुर्बिणीद्वारे तपासणी करून घ्यावी. या तपासणीत पॉलिप आढळल्यास तो बहुधा त्याच वेळी काढता येतो आणि पुढील कर्करोग टळू शकतो.