ग्रंथसूची आणि अहिराणीचा शोध

भडगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण गिरणेच्या काठी असून त्या परिसराची बोली अहिराणी होय. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने अहिराणी लग्नगीतांवर प्रबंध लिहावयाचे योजिले, तर ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत त्यास काय आढळेल? बहुधा ज्यांच्या शीर्षकातच ‘अहिराणी’ हा शब्द आहे, तेवढेच ग्रंथ. लोकसाहित्यावरील एखाद्या संग्रहात याच विषयावर विस्तृत लेख असेल; परंतु संग्रहाचे नाव सर्वसामान्य असल्यामुळे तो कपाटात असूनही नसल्यासारखाच.

या उणिवेचे मूळ जुन्या पत्रसूचीत आहे. तीन इंच रुंद व पाच इंच लांब पत्रावर कर्ता, शीर्षक, प्रकाशक व विषय एवढेच मावत असे. ते बंधन गेले, तरी सवय गेली नाही. बहुतेक ठिकाणी संगणकात पत्रेच उतरविली गेली. वस्तुतः ‘मार्क’ या सर्वमान्य नोंद-पद्धतीत ५०५ क्रमांकाचे क्षेत्र अनुक्रमणिकेसाठी, ५२० सारांशासाठी आणि ८५६ इलेक्ट्रॉनिक प्रतीच्या दुव्यासाठी राखलेले आहे. न्यूझीलंडमध्ये २००० साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणालीही ही क्षेत्रे हाताळते. अडचण आहे ती श्रमाची. तेव्हा सरसकट सर्व ग्रंथांची अनुक्रमणिका टंकित करण्याचा हव्यास नको. कादंबरीला तिची गरज नाही. गौरवग्रंथ, संपादित लेखसंग्रह व नियतकालिकांचे विशेषांक यांना मात्र ती प्रथम हवी. दुव्यांचे काम एकदा करून संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मृत दुवा वाचकाला रिकाम्या कपाटापेक्षा अधिक चिडवितो.

याहून नाजूक प्रश्न भाषेच्या नोंदीचा आहे. ग्रंथालयांत रूढ असलेल्या तीन अक्षरी संकेतांच्या यादीत अहिराणीला स्वतंत्र स्थान नाही. साहजिकच अहिराणी पुस्तक ‘मराठी’ म्हणून नोंदले जाते, किंवा भारतीय-आर्य भाषांच्या सामायिक गटात जाते. उलटपक्षी ग्रियर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीचा विचार मराठीपासून वेगळा, भिल्ली भाषांसमवेत केला. आणि २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही अठरा लाखांहून अधिक भाषकांची पृथक् भाषा असून अहिराणी तिच्यात मोडते. हा वाद सूचिकाराने मिटवावयाचा नाही. आयएसओ ६३९-३ या विस्तृत यादीत अहिराणीला ‘ए-एच-आर’ हा संकेत आहे, आणि ०४१ या क्षेत्रात यादीचा निर्देश करून तो नोंदता येतो. मराठीचा संकेतही सोबत ठेवावा.

मात्र ही नोंद जाणत्याने करावी. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांना पुष्कळदा अहिराणी म्हटले जाते. ती असोदे परिसरातील लेवा बोलीच्या वळणाची आहेत. खानदेशातील म्हणून अहिराणी, हा न्याय सूचीत शिरला तर शोधणारा फसेल.

शब्दरूपांचेही तसेच. मराठी ‘घराचा’ तर अहिराणी ‘घरना’, ‘आहे’ऐवजी ‘शे’. प्रमाण मराठी शब्दाने शोध घेणाऱ्यास अहिराणी शीर्षक सापडणार नाही. म्हणून विषयशीर्षके प्रमाण मराठीत देणे अवश्य. शिवाय ‘भडगांव’ आणि ‘भडगाव’ ही संगणकाच्या लेखी दोन भिन्न नामे आहेत. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या मुद्रितांत अनुस्वारयुक्त रूपेच विपुल असल्याने, प्रत्येक स्थलनामाच्या अधिकृत नोंदीखाली त्याची जुनी रूपेही द्यावी लागतील.