वस्तीवरचा कुत्रा आणि लस

वस्तीवर कुत्रा नाही असे शेतकऱ्याचे घर विरळा. रात्रभर तो राखण करतो, आपण शिळी भाकरी टाकतो, संपले! लस टोचायला काढा म्हटले की बहुतेक घरी एकच उत्तर मिळते, "साहेब, हात लावू देत नाही हो."

लहानपणी आपण हात लावला नाही, म्हणून देत नाही. पिल्लू 2 महिन्यांचे असतानाच त्याचे कान, पंजे, तोंड रोज हाताळा. पट्टा घालून घटकाभर बांधा, लगेच भाकरीचा तुकडा द्या. मारून मात्र शिकवू नका. मार खाऊन भित्रा झालेला कुत्रा चटकन चावतो. 3 महिन्यांचा झाला की गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा टोचा.

आणि कुत्रा चावलाच तर? नोकरीच्या सुरुवातीला एका गावी मी पाहिले, आजीने नातवाच्या जखमेत मायेने तिखट भरले होते. जीपमधून त्याला तालुक्याला नेले, पोर वाचले. जखमेत तिखट, चुना, हळद काही भरू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या 14 सुयांची भीती आता नको. लस दंडात देतात. पण ठरलेले सगळे डोस पुरे करा. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

गुरांचेही ध्यानात ठेवा. गाय लाळ गाळते, घशात काही अडकल्यासारखे करते, तेव्हा तोंडात हात घालू नका. ती पिसाळलेली असू शकते. आधी डॉक्टरांना बोलवा.